चार दारांची स्पोर्ट्‌स कार: पॅनामेरा घ्यावी की एएमजी जीटी?

इटालियन भाषेत 'क्वात्रोपोर्ते' म्हणजे चार दारं. मासेरातीनं १९६३ साली तुरीनच्या प्रदर्शनात या नावाची गाडी उभी केली तेव्हा नावात काही लपवलेलं नव्हतं. इंजिन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं, चाल स्पोर्ट्‌स कारची आणि दारं चार, इतका सरळ व्यवहार. आज त्याच जातकुळीच्या गाड्यांची माहितीपत्रकं चाळा: ग्रॅन कूपे, फोर-डोअर कूपे, स्पोर्टबॅक, ग्रान तुरिस्मो. 'सेडान' हा शब्द मात्र भिंग घेऊन शोधावा लागतो. स्थळाच्या माहितीत मुलाचं वय जसं शेवटच्या ओळीत सरकवतात, तसा तो कुठेतरी सरकवलेला असतो.

हा आढावा अशा माणसासाठी आहे, ज्याच्याकडे दोन-तीन कोटींची तयारी आहे, ज्याला गाडी स्वतः चालवायची हौस आहे, पण घरात माणसं चार आहेत. दोन दारांची पोर्शे ९११ मनात बसली आहे, पण घरच्यांच्या मतदानात पडली आहे. एसयूव्ही नकोच. अशा वेळी समोर दोन नावं येतात: पोर्शे पॅनामेरा आणि मर्सिडीज-एएमजी जीटी फोर-डोअर कूपे (एएमजी ही मर्सिडीजची वेगवान गाड्यांची शाखा). बाकीच्या गाड्या, म्हणजे बीएमडब्ल्यू ८ सिरीज ग्रॅन कूपे, मर्सिडीज सीएलएस, ॲस्टन मार्टिन रॅपिड, इथे साक्षीदार म्हणून येतील. त्यांतल्या काही बंदही पडल्या आहेत, पण साक्ष चांगली देतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या गाड्यांची निवड स्टिअरिंगमागे बसून करणारे चुकतात. निवड मागच्या सीटवर बसून करायची असते. का, ते पुढे येईल.

'कूपे' म्हणजे नेमकं काय

फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापलेला. मूळ शब्द घोडागाडीचा: मोठ्या बंद गाडीचा पुढचा अर्धा भाग कापून टाकला की उरते ती कूपे. मोटारीच्या काळात त्याचा अर्थ 'दोन दारं, उतरतं छप्पर, मागे नावापुरती जागा' असा स्थिरावला. त्याला चार दारं लावण्याचा मान बहुतेक लोक मर्सिडीजला देतात, पण इंग्लंडच्या रोव्हरनं १९६२ मध्येच आपल्या पी-५ सेडानचं छप्पर सुमारे अडीच इंच खाली आणून, दारं चारच ठेवून, तिला 'कूपे' म्हणून विकलं होतं. मर्सिडीजनं २००३ साली फ्रँकफर्टला संकल्पनागाडी दाखवली आणि पुढच्या वर्षी सीएलएस बाजारात आणली. खालून ती त्या वेळची ई-क्लासच होती. वरून आरेखक मायकेल फिंक यांनी एका लांब कमानीसारखी रेघ ओढली, दारांच्या काचांच्या चौकटी काढल्या, खिडक्या अरुंद केल्या आणि मागे दोनच माणसं बसतील अशा सीटा दिल्या. जागा कमी आणि किंमत जास्त. लोकांनी रांगा लावल्या. त्यानंतर प्रत्येक जर्मन कंपनीनं तेच केलं.

आता वर्गीकरण करणाऱ्या संस्था याकडे कशा बघतात, ते मजेशीर आहे. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या मानकात कूपे आणि सेडान वेगळी करायला मागच्या भागाचं आकारमान लागतं: ३३ घनफुटांपेक्षा कमी असेल तर कूपे, जास्त असेल तर सेडान. दारं मोजायची गरजच नाही. आंतरराष्ट्रीय आयएसओच्या जुन्या व्याख्येत मात्र कूपेला बाजूची दोन दारं. म्हणजे 'चार दारांची कूपे' एका नियमानं शक्य, दुसऱ्या नियमानं वदतोव्याघात.

अमेरिकेचं पर्यावरण खातं तर प्रवासी आणि सामान यांची जागा मिळून घनफूट मोजतं. १२० च्या पुढे गेली की गाडी 'मोठी'. पॅनामेराचं मागचं दार छपरापासून उघडतं, त्यामुळे सामानाची जागाही भरपूर मोजली जाते आणि ही स्पोर्ट्‌स कार त्यांच्या यादीत 'लार्ज कार' म्हणून बसते. जर्मनीत वाहननोंदणी खातं ९११ ला 'स्पोर्टवागेन' म्हणतं आणि पॅनामेराला 'ओबरक्लासे', म्हणजे एस-क्लासच्या पंगतीला बसवतं. न्युर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या ट्रॅकवरही तेच. २०२० च्या उन्हाळ्यात पॅनामेरानं २०.८३२ किलोमीटरची पूर्ण फेरी ७ मिनिटं २९.८१ सेकंदांत मारली आणि विक्रम नोंदवला गेला तो याच वरच्या, आलिशान गाड्यांच्या वर्गात. त्याच वर्षी नोव्हेंबरात एएमजी जीटी ६३ एस ७ मिनिटं २७.८ सेकंदांत आली आणि दोन सेकंदांनी विक्रम घेऊन गेली. दोघींच्या जाहिरातीत शब्द 'स्पोर्ट्‌स कार', पण भांडण लागलं ते लिमुझिनांच्या रांगेत.

आपल्याकडे काय? आरसीवर स्पोर्ट्‌स कार असा वेगळा वर्ग नसतो. तिथे वर्ग 'मोटर कार', विषय संपला. कररचनेत मात्र आकाराला अर्थ होता. सप्टेंबर २०२५ पर्यंत चार मीटरहून लांब आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २८ टक्के जीएसटीवर २० टक्के उपकर, आणि तिचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासूनची उंची) १७० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ती एसयूव्ही म्हणून २२ टक्के. यात एक गंमत दडलेली होती. फेरारीची २०२२ सालची चार दारांची पुरोसांग्वे. फेरारी तिला एसयूव्ही म्हणायला अजिबात तयार नाही, पण तिचा क्लिअरन्स १८५ मिलिमीटर. म्हणजे फेरारीच्या गावी मारानेल्लोत ती स्पोर्ट्‌स कार आणि आपल्या उपकराच्या तक्त्यात एसयूव्ही. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के जीएसटी आला, तेव्हा हा वादही मिटला. पॅनामेरा आणि एएमजी जीटी या दोघी १७० च्या आसपासही कधी नव्हत्या. त्याचा हिशेब कर घेत नाही, सोसायटीच्या गेटमधला गतिरोधक घेतो.

एका शर्यतीचे दोन वारस

मेक्सिकोत १९५० ते १९५४ अशी पाच वर्षं 'कारेरा पानामेरिकाना' नावाची शर्यत झाली. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उघड्या सार्वजनिक रस्त्यांवर. माणसं मेली, शर्यत बंद झाली, पण तिचं नाव दोन्ही कंपन्या अजून पोटाशी धरून आहेत. पोर्शेनं ५५० स्पायडरनं तिथे आपल्या वर्गात जिंकून 'कारेरा' हा शब्द घेतला आणि २००९ मध्ये उरलेल्या शब्दातून 'पॅनामेरा' काढला. मर्सिडीजनं १९५२ ची शर्यत ३०० एसएलनं जिंकली. कार्ल क्लिंग चालवत असताना एक गिधाड पुढची काच फोडून आत आलं, म्हणून पुढच्या टप्प्याआधी काचेवर लोखंडी सळया बसवल्या. आज एएमजीच्या नाकावर जी उभ्या पट्ट्यांची जाळी दिसते तिला कंपनी 'पानामेरिकाना ग्रिल' म्हणते. ती काचेवरच्या सळयांवरून घेतलेली नाही, शर्यतीच्या गाडीच्या तोंडावरून घेतलेली आहे, पण विक्रेत्याला गिधाडाची गोष्ट सांगायला फार आवडते.

म्हणजे तुमच्या समोरच्या दोन्ही गाड्या एकाच शर्यतीची पुण्याई विकतात. त्या शर्यतीतल्या त्या दोन्ही गाड्यांना मागची सीट नव्हती, हे ओघानं आलंच.

वारसाच्या दाव्यात खरं किती? इथे दोघी वेगळ्या होतात. २०१८ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला एएमजीनं फोर-डोअर कूपे आणली तेव्हा तिला स्वतः विकसित केलेली तिसरी स्पोर्ट्‌स कार म्हटलं, एसएलएस आणि एएमजी जीटी यांच्यानंतरची. पण दोन दारांच्या जीटीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा हिच्याखाली नाही. खाली आहे तो ई-क्लास आणि सीएलएसच्या कुळातला पाया, भरपूर कडक केलेला. इंजिनाची जागा, सीटची जागा, एकूण ठेवण ही सेडानचीच. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. ई-क्लासचा पाया उत्तम आहे. पण 'जीटीला दोन दारं जास्त लावली' असं कोणी शोरूममध्ये सांगितलं तर हसून पुढे जावं.

पॅनामेराचा पाया पोर्शेनं स्वतः उभा केला आणि दुसऱ्या पिढीपासून तो बेंटलीच्या कॉन्टिनेंटल जीटीलाही दिला. म्हणजे इथे प्रवाह उलटा आहे: मर्सिडीजनं सेडान घेऊन तिला स्पोर्ट्‌स कारचे कपडे घातले, पोर्शेनं आपल्या सवयीनं एक गाडी बांधली आणि ती सेडानइतकी मोठी निघाली. चालवताना हा फरक जाणवतो. पॅनामेरात तुम्ही खाली बसता, बॉनेटच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे समोर दिसतात. एएमजीत समोर मोठे दोन पडदे, मधल्या भागात व्ही-८ च्या सिलिंडरांसारखी मांडलेली बटणं आणि कानात तो घोगरा आवाज. एक गाडी तुम्हाला रस्ता सांगते, दुसरी इंजिन सांगते.

मापात मात्र दोघी जुळ्या बहिणी. सध्याची पॅनामेरा ५०५२ मिलिमीटर लांब, एएमजी ५०५४. दोन चाकांमधलं अंतर एकीचं २९५० तर दुसरीचं २९५१. रुंदीत एएमजी १६ मिलिमीटरनं जास्त आणि उंचीतही थोडी वर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या दोन गाड्यांत चाकांच्या अंतराचा फरक एका मिलिमीटरचा, हा योगायोग कोणी मानायचा असेल तर मानावा.

छपराचं गणित

चार दारांच्या कूपेतलं सगळं कौशल्य मागच्या माणसाच्या डोक्यावरच्या चार इंचांत आहे. छप्पर पुढच्या सीटच्या डोक्यावर सगळ्यात उंच आणि तिथून मागे घसरत जायला हवं, तरच डोळ्याला 'कूपे' दिसते. पण माणसाचं डोकं नेमकं त्या घसरणीखाली येतं. मग कारागीर तीन गोष्टी करतात. मागची सीट खाली बसवतात, छपराचा आडवा दांडा डोक्याच्या मागे ढकलतात आणि छताचं अस्तर आतून कोरतात. सीट खाली गेली की गुडघे वर येतात. मांडीला आधार कमी होतो. खिडकीची कड खांद्याच्या वर जाते. लहान मूल मागे बसलं तर त्याला आकाशाची एक फीत दिसते, बाकी दाराचं चामडं.

पहिल्या पॅनामेराची गंमत इथेच झाली. तेव्हाचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांचा आग्रह होता की मागे मोठा माणूस नीट बसला पाहिजे. बसला. पण त्यासाठी छप्पर मागेपर्यंत उंच राहिलं आणि त्यावर ९११ ची पाठ चिकटवलेली. लोकांनी तिला उंटापासून सगळं काही म्हटलं. मला स्वतःला ती गाडी आवडते, कारण ती तडजोड लपवत नाही. २०१६ च्या दुसऱ्या पिढीत पोर्शेचे आरेखक मिखाएल माउअर यांच्या चमूनं मागचं छप्पर २० मिलिमीटरनं खाली आणलं आणि डोक्याची जागा सीट खाली नेऊन राखली. वीस मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदी. तेवढ्यावर सात वर्षांची टिंगल थांबली. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या तिसऱ्या पिढीत ती रेघ जवळपास तशीच आहे.

एएमजीचं छप्पर थोडं उंच आहे आणि बाकी अंग जाड. मागून बघितलं तर अरुंद दिवे आणि त्यामागची प्रचंड पाठ. दोन दारांच्या जीटीशी साम्य चेहऱ्यात आणि ढुंगणात, मध्ये सगळी सेडान. हे वाक्य कठोर वाटेल, पण बाजूनं फोटो काढून पुढचं आणि मागचं चाक हातानं झाकून बघा.

दोघींनाही मागे उघडणारं मोठं दार आहे, काचेसकट. म्हणजे आपल्या मोजणीनं त्या पाच दारांच्या. बीएमडब्ल्यू ८ ग्रॅन कूपे आणि सीएलएस यांना डिकीचं वेगळं झाकण. यात व्यवहाराचा भाग असा की पूर्ण दारात गोल्फची पिशवी किंवा घडीची सायकल आडवी जाते, पण मागच्या सीटवरचा माणूस आणि डिकी यांच्यात भिंत नसते. डिकीतल्या वस्तूंचा खडखडाट त्याच्या कानामागेच. आंब्याची पेटी ठेवली तर वासही. रत्नागिरीहून येणाऱ्यांना ती अडचण वाटणार नाही.

फेट्याची परीक्षा

आता मागची सीट. शोरूममध्ये गेल्यावर बहुतेक लोक पुढे बसतात, स्टिअरिंग धरतात, इंजिन चालू करून घेतात आणि फोटो काढून घरी येतात. तसं करू नका. घरातली सगळ्यात उंच व्यक्ती आणि सगळ्यात वयस्कर व्यक्ती बरोबर न्या. उंच माणसाला मागे बसवा आणि तुमची पुढची सीट तुमच्या मापानं लावूनच बसवा. वयस्कर माणसाला आत शिरायला आणि मुख्य म्हणजे बाहेर पडायला लावा. उतरत्या छपराच्या गाडीत दाराची वरची कड मागे खाली येते. आत जाताना डोकं वाकवायचं लक्षात राहतं, बाहेर येताना राहत नाही. नऊवारी नेसलेल्या बाईनं बाहेर येऊन दाखवलं तर ती गाडी खरी.

आणि फेटा. हे मी गमतीनं म्हणत नाही. आपल्याकडे अशी गाडी एकदा तरी लग्नाच्या दारात फुलांनी सजून उभी राहतेच, आणि नवरदेव मागेच बसतो. कोल्हापुरी फेटा बांधलेला माणूस चार दारांच्या कूपेच्या मागच्या सीटवर ताठ बसू शकत नाही. ताठ बसायचं तर फेटा मांडीवर. एएमजीत थोडी जास्त उंची आहे, पण ती मागच्या डोक्यापर्यंत किती पोचते ते बसूनच ठरवावं.

जागेच्या मांडणीतही फरक आहे. पॅनामेरा मुळात चार माणसांची, मागे दोन स्वतंत्र बादलीसारख्या सीटा आणि मध्ये लांब कन्सोल. पुढे 'चार अधिक एक' अशी सोय आली, पण तो एक म्हणजे दिवाळीला आलेला भाचा, तोही स्टेशनपर्यंत. एएमजीत मागे दोन सीटा किंवा तीन जणांचा बाक, असे पर्याय कंपनीनं ठेवले. पॅनामेराच्या हायब्रिड आवृत्त्यांत नवं 'ॲक्टिव्ह राइड' सस्पेन्शन मिळतं. ते दार उघडताच गाडी ५५ मिलिमीटरपर्यंत वर उचलतं. घरात गुडघेदुखी असेल तर वेगापेक्षा या एका गोष्टीला मी जास्त गुण देईन.

चीनमध्ये मालक मागे बसतो. म्हणून पोर्शेनं २०१३ मध्ये १५० मिलिमीटर लांब 'एक्झिक्युटिव्ह' काढली. आपल्याकडेही दोन कोटींच्या गाडीचा मालक बऱ्याचदा मागेच बसतो, सोमवार ते शुक्रवार तरी. तुमचंही तसं असेल तर शेवटचा परिच्छेद लक्ष देऊन वाचा.

बेत्स यांचे दोन प्रयत्न

पोर्शेला चार दारांची गाडी १९८० च्या दशकापासून काढायची होती. '९८९' नावाचा प्रकल्प उलरिख बेत्स यांच्या देखरेखीखाली चालू होता. खर्च वाढला, अमेरिकेतली विक्री कोसळली आणि १९९२ च्या सुरुवातीपर्यंत प्रकल्प गुंडाळला गेला. बेत्स तोवर पोर्शे सोडून गेले होते. पुढे २००० साली ते ॲस्टन मार्टिनचे प्रमुख झाले आणि २००६ मध्ये डेट्रॉइटला त्यांनी काय दाखवलं? चार दारांची स्पोर्ट्‌स कार. रॅपिड. डीबी९ चाच सांगाडा ताणलेला, पुढे व्ही-१२, दारं उघडताना हंसाच्या पंखांसारखी थोडी वर जाणारी, उंची १३६० मिलिमीटर. या सगळ्या वर्गात सगळ्यात देखणी गाडी कोणती असं मला विचाराल तर क्षणाचाही विलंब न लावता रॅपिड.

आणि मागची सीट? दोन खोल खड्डे. त्यात दहा-बारा वर्षांची मुलं आनंदानं बसतात. मोठा माणूस शिरला तर त्याला काढायला माणूस लागतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये तिचं उत्पादन सुरू झालं, दोनेक वर्षांत ते इंग्लंडला गेडनला आणावं लागलं आणि २०२० मध्ये गाडी बंद झाली. जिनं स्पोर्ट्‌स कार हा शब्द अक्षरशः पाळला, तिला गिऱ्हाईक सगळ्यात कमी. उंटाच्या पाठीची पॅनामेरा मात्र तिसऱ्या पिढीत आली. वापरलेली रॅपिड बाहेरून आणायचा विचार डोक्यात येत असेल तर तो इथेच सोडा. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही.

शब्द स्वस्त होतो तेव्हा

या गाड्या विकण्याची तऱ्हा गाडीइतकीच बघण्यासारखी. एप्रिल २००९ मध्ये पोर्शेनं पहिली पॅनामेरा जगाला दाखवली ती आपल्या गावी श्टुटगार्टमध्ये नाही, शांघायच्या वर्ल्ड फायनान्शियल सेंटरच्या ९४ व्या मजल्यावर. गाडी लिफ्टमध्ये आडवी मावेना म्हणून उभी करून वर नेली. गिऱ्हाईक कुठे आहे, ते त्या लिफ्टनं सांगून टाकलं. एएमजीचा सूर वेगळा. फेरीची वेळ, आणि प्रत्येक व्ही-८ इंजिनावर ते जुळवणाऱ्या एकाच कारागिराच्या सहीची पट्टी. ही पट्टी मला मनापासून आवडते. एखाद्या तबल्यावर घडवणाऱ्याचं नाव असावं तशी.

पण 'कूपे' या शब्दाचं काय झालं बघा. बीएमडब्ल्यूनं २०१२ मध्ये ६ सिरीजवर 'ग्रॅन कूपे' लावलं, मग ४ वर, ८ वर आणि शेवटी २ वर. २ सिरीज ग्रॅन कूपे चेन्नईत जुळवली जाते, पुढच्या चाकांवर चालते आणि २०२० मध्ये आपल्याकडे चाळीस लाखांच्या आत आली. २०२४ मध्ये सिट्रोएननं बसाल्ट आठ लाखांच्या आत आणली, तीही 'एसयूव्ही कूपे'. टाटांची कर्व्ह त्याच वर्षीची आणि त्याच वर्णनाची. आठ लाखांपासून तीन कोटींपर्यंत एकच शब्द. म्हणून त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. मर्सिडीजनं स्वतः तो ज्या गाडीनं रूढ केला, ती सीएलएस २०२३ मध्ये बंद केली.

पैसे

दोन्ही गाड्या तयार अवस्थेत आयात होतात. ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार गाडीवर आयात कराचा एकूण भार ११० टक्के, २०२५ च्या अर्थसंकल्पात नावं बदलली तरी बेरीज तीच राहिली. त्यावर ४० टक्के जीएसटी. मग महाराष्ट्राचा वाहनकर: आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावे घेतलेल्या गाडीला २० टक्के, आणि १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख. दीड कोटीच्या गाडीला ती मर्यादा बरोबर गाठली जाते, म्हणजे त्यापुढच्या प्रत्येक लाखावर आरटीओचा जास्तीचा कर नाही. महागडी आवृत्ती घ्यायला हे कारण पुरेसं आहे असं तुमचा सीए म्हणाला तर सीए बदला.

पॅनामेराची साधी व्ही-६ दीड कोटीच्या वर सुरू होते, ३५३ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), मागच्या चाकांवर. पोर्शेच्या जास्तीच्या वस्तूंची यादी लांब असते आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी बाकीच्या कंपन्या मुळातच देतात. गाडीच्या किमतीवर पंधरा-वीस टक्के धरून चाला. एएमजी आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये ६३ एस ई परफॉर्मन्स म्हणून आली, ३ कोटी ३० लाख एक्स-शोरूम. व्ही-८ आणि मागच्या चाकांवर विजेची मोटर मिळून ८४३ पीएस, शंभरला २.९ सेकंद. बॅटरी ६.१ किलोवॉट-तासांची, निव्वळ विजेवर १२ किलोमीटर, म्हणजे कोथरूडहून हडपसरलाही जेमतेम. ती बॅटरी मागच्या आसाच्या वर बसते, म्हणून डिकी आक्रसते आणि वजन सव्वादोन टनांच्या पुढे जातं. तुमच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल तर पाळण्याची वजनमर्यादा आधी वाचा. रुंदीही: पॅनामेरा आरशांसकट दोन मीटरच्या पुढे आहे आणि जुन्या मुंबईतल्या गेटांना ते माहीत नाही.

मग कोणती

स्वतः चालवणार, रविवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन नाश्त्याला परत येणार, मागे मुलं किंवा कोणीच नाही: पॅनामेरा. आणि मोठं इंजिन न घेता साधी व्ही-६ घ्या. ती जवळपास चारशे किलो हलकी आहे आणि आपल्या रस्त्यांवर हलकेपणा रोज वापरता येतो, ८४३ पीएस वर्षातून दोनदा. गतिरोधकांसाठी हवेचं सस्पेन्शन तिला मुळातच मिळतं.

व्ही-८ चा आवाज ही तुमची लहानपणापासूनची इच्छा असेल तर एएमजी. इच्छेला हिशेब नसतो आणि मी तो मागणारही नाही. फक्त तिला स्पोर्ट्‌स कार समजून घेऊ नका. फार वेगवान, फार रागीट अशी सेडान समजून घ्या, म्हणजे घाटातल्या तिसऱ्या वळणावर वजन जाणवेल तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटणार नाही.

बीएमडब्ल्यू ८ ग्रॅन कूपे चांगल्या अवस्थेत, देशातच वापरलेली मिळाली तर ती या दोघींपेक्षा शहाणपणाची. चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या वर, मागे पाय खरोखर मावतात. दिसायला पॅनामेराहून देखणी, हे माझं मत. लोक वळून बघत नाहीत, एवढीच तक्रार.

आणि गाडी ड्रायव्हर चालवणार, तुम्ही मागे बसून फोनवर बोलणार, घरातले आईवडील आठवड्याला दवाखान्यात जाणार, मुलाचं लग्न पुढच्या मोसमात: तर यातलं काहीच घेऊ नका. पुण्याजवळ चाकणला २०२१ पासून सध्याची एस-क्लास जुळवली जाते, म्हणून तयार गाडीचा ११० टक्क्यांचा कर तिच्या डोक्यावर नाही, आणि स्वतःच्या नावे पेट्रोलची घेतली तर वाहनकर १३ टक्के. पॅनामेराच्या आसपासच्या पैशांत ती दारात येते. छप्पर सरळ आहे. फेटा बसतो.